उजव्या हातानं

मी सात वर्षांची असताना
आमच्या गावाचा नगराध्यक्ष निवडला.
एकटीनं.

उदगीर सोडलं की बिदरच्या रस्त्याला
जिनिंगचं धुराडं आणि पालिकेची टाकी
एकदमच दिसतात, ते गाव.
नऊ मेंबर हलगे अप्पांचे,
नऊ खतीब वकिलांचे.
अप्पांचे नऊ बारा दिवस तिरुपतीला ठेवलेले,
उतरले ते थेट सभागृहात,
नऊ गुळगुळीत डोकी, चंदन लावलेली.
वकिलांचे हैदराबादेत कुठंतरी
बिर्याणी खाऊन पोटं बिघडवून आलेले.
हे मला नंतर सांगितलेलं.
मला आठवतो फक्त पंखा,
एक पातं वाकडं,
दर फेरीला टक्क.

हात वर झाले. मोजले. परत मोजले.
साहेब म्हणाले, चिठ्ठी.
आणि चिठ्ठीला पाहिजे लेकरू,
कोणत्याच पार्टीचं नसलेलं.

मेंबरांची लेकरं बाहेर होतीच, इस्त्रीच्या कपड्यांत.
ती बाद.
सोपान शिपायाची पोर रांजणापाशी,
मांडीवर पाटी, नाकाला शेंबूड.
आबांनी डोक्यावरची टोपी काढली,
माझं नाक पुसलं
आणि तीच टोपी परत घातली.

बरणी कँटीनमधली, लिमलेटच्या गोळ्यांची.
धुतली तरी तळाला केशरी साखर.
साहेबांनी नावं लिहिली,
आबांनी घड्या घातल्या.
मी वाकून बघितलं तर
एवढ्या मोठ्या कारभाराला
गोळ्यांचा वास.

मी डावरी.
पाटी डाव्यानं, भाकर डाव्यानं,
गुरुजींची छडीही त्याच हातावर.
तोच हात आत गेला.
एक घडी घट्ट. एक सैल, साखरेला चिकटलेली.
सैल घडी बोटात आली होती.
"उजव्या हातानं," मागून आबा,
हळूच, प्रसाद घेताना सांगतात तसं.

डावा बाहेर काढला. उजवा घातला.
उजवा माझा अजून अडाणी आहे,
त्याला सुईत दोरा ओवता येत नाही.
लागली ती घेतली.

खतीब वकील.

मग गुलाल, कुणाच्या तरी खांद्यावर मी,
फ्रॉकच्या खिशात दहाची नोट
जी आबांनी संध्याकाळी परत नेऊन दिली.
वकिलांनी काय केलं?
नाली केली, दर्ग्यापासून मोंढ्यापर्यंत.
मंगळवार बाजारात दोन दिवे लावले,
त्यातला एक लागायचा.
नळ आठ दिवसाआड, होता तसाच,
आणि हंडा लावायला गेले की बायका म्हणायच्या,
हिनंच काढला की गं, हिलाच इचारा.

दहावीला कापड घ्यायला अप्पांच्या दुकानात.
त्यांनी ओळखलं. गज थांबला.
मी सांगून टाकलं,
अप्पा, माझा हात आधी तुमच्या चिठ्ठीवर होता.
आबा म्हणाले म्हणून बदलला.
ते बराच वेळ कापडाकडंच बघत राहिले.
मग म्हणाले, "बरंच झालं की.
तिरुपतीलाच दोन एकर गेलं,
खुर्चीत बसलो असतो तर
ह्या गादीवर कोण बसलं असतं?"
आणि मापापुढं चार बोटं जास्त कापलं.

आबांना मी हे कधी विचारलं नाही.
आमच्या प्लॉटची केस वकिलांकडं होती,
फी कधी घेतली नाही त्यांनी,
आधीही नाही, नंतरही नाही.
आणि घड्या घालायला आबांचा हात
असा की पालिकेचे सगळे लखोटे
एकासारखे एक.
त्या दिवशी तेवढी एक सैल.

आता मीच कधी कधी बूथवर असते, खोली क्रमांक दोन,
समोर रांग, हातात शाईची काडी.
माणसं सवयीनं उजवा हात पुढं करतात.
मी म्हणते, डावा.
डावा द्या.